पाच मिनिटं आणि पाच दिवस

भारतात नोकरदार बाईला भरपगारी प्रसूती रजा मिळते ती २६ आठवड्यांची. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे रजा संपवून बाई कामावर रुजू होते तेव्हा मूल चार ते सहा महिन्यांचं झालेलं असतं. ड्रॅव्हे सिंड्रोम नावाच्या दुर्मीळ अपस्मारात पहिली आकडी बहुतेक वेळा पाचव्या ते आठव्या महिन्यात येते. तोवर मूल छान वाढत असतं. मान धरलेली असते, पालथं पडू लागलेलं असतं, ओळखीचा चेहरा दिसला की हसत असतं. मग एक दिवस ताप चढतो, किंवा लस टोचल्यावर अंग कोमट होतं, किंवा नुसतं गरम पाण्यानं न्हाऊ घातलेलं असतं, आणि अंगाची एक बाजू झटके देऊ लागते. तापातली साधी फिट बहुधा काही मिनिटांत आटोपते. ही लांबत जाते. एक वेळापत्रक कायद्याचं, दुसरं रोगाचं, आणि दोन्ही नेमकी एकमेकांवर येऊन पडतात. हा निव्वळ योगायोग आहे. पण घरात, शेजारात, कधीकधी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा त्याची गोष्ट कार्यकारणाची होते: आई कामावर जायला लागली आणि पोराला फिट यायला लागल्या.

या गोष्टीला वैद्यकशास्त्राचं उत्तर स्पष्ट आहे. ते आधीच सांगून टाकलेलं बरं. फ्रान्समधल्या डॉ. शार्लोट ड्रॅव्हे यांनी १९७८ मध्ये या आजाराचं प्रथम वर्णन केलं. २००१ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना त्याचं मूळ दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एससीएन१ए या जनुकात सापडलं. मेंदूच्या पेशींत सोडियमची ये-जा ज्या मार्गिकांतून होते त्यांपैकी एक प्रकार हा जनुक घडवतो. तो बिघडला की मेंदूतल्या उत्तेजनाला आवर घालणाऱ्या पेशीच दुबळ्या पडतात. दहातल्या जवळपास नऊ मुलांत हा बदल आईकडूनही आलेला नसतो आणि वडिलांकडूनही. तो त्या मुलातच नव्यानं झालेला असतो. लसीवरचा आळही असाच फिटला. डांग्या खोकल्याच्या लसीमुळे मेंदूला इजा झाली असं ज्यांच्याबद्दल मानलं गेलं होतं अशा १४ रुग्णांची ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतल्या ११ जणांत याच जनुकातला दोष निघाला. लसीनंतरच्या तापानं पहिली आकडी थोडी आधी उघडी पाडली असेल, आजार काही दिला नाही. मग आईच्या ऑफिसातल्या मस्टरचा संबंध येतोच कुठे? अमेरिकेतल्या एका पाहणीत ड्रॅव्हेचं प्रमाण साधारण १५,७०० जन्मांमागे एक असं आढळलं. तेच इथे धरलं तर भारतात दरवर्षी दीड हजारांच्या आसपास अशी मुलं जन्मत असावीत. त्यांतल्या किती जणांचं निदान वेळेवर होतं हा वेगळाच विषय.

खरा प्रश्न त्यानंतरचा. अशा मुलाच्या आईनं नोकरी चालू ठेवावी का, आणि ठेवायची तर कशी? याची चर्चा आपल्याकडे तासांच्या हिशेबात होते. ऑफिसचे नऊ तास, प्रवासाचे दोन, स्वयंपाकपाण्याचे तीन. मुलाला उरतात किती? बेरीज जमत नाही, आणि मग राजीनामा हाच शहाणपणा ठरतो. माझ्या मते इथे मोजमापच चुकीच्या गोष्टीचं होतं. दुर्मीळ अपस्मार घरावर जे ओझं टाकतो त्यात कामाच्या तासांपेक्षा अनिश्चितता मोठी असते. काम वाटून घेता येतं हे सगळ्यांना पटतं. अनिश्चितताही वाटून घेता येते, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. ती एकाच माणसाच्या गळ्यात पडली तर त्याला नोकरीच काय, अंघोळसुद्धा निवांत करता येत नाही. ती चार माणसांत आणि एखाद्या बऱ्या नियमात विभागली गेली तर आईची नोकरी टिकते आणि मुलाच्या जिवाची जोखीमही कमी होते. पुढचा सगळा युक्तिवाद या विधानावर उभा आहे, तेव्हा ते नीट तपासून घ्यायला हवं.

अपस्माराच्या बहुसंख्य रुग्णांच्या घरी ही वेळ येत नाही, कारण औषधानं आकडी आटोक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर १०० पैकी ७० रुग्ण आकडीमुक्त राहू शकतात. ड्रॅव्हेचं तसं नाही. अशा ५८४ रुग्णांच्या काळजीवाहकांकडून माहिती घेतलेली एक बहुदेशीय पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आधीच्या तीन महिन्यांत एकही आकडी न आलेले रुग्ण दहात एकाहूनही कमी निघाले. आणि पाहणीतले बहुतेक रुग्ण एकाच वेळी दोन किंवा जास्त औषधं घेत होते. शिवाय वयाबरोबर आजाराचा तोंडवळा बदलतो. पहिल्या एक-दोन वर्षांत लांबलेल्या आकड्या, अपरात्री रुग्णालय, अतिदक्षता विभाग. दुसऱ्या वर्षानंतर बोलणं मागे पडतंय, चालताना तोल जातोय, आक्रस्ताळेपणा वाढतोय हे दिसू लागतं आणि स्पीच थेरपी, फिजिओथेरपी, विशेष शिक्षण यांच्या फेऱ्या सुरू होतात. मोठेपणी आकड्या बऱ्याचदा कमी होतात, परावलंबन मात्र राहतं. पहिल्या टप्प्यात आईला हवी असते कुठल्याही क्षणी धावत सुटण्याची मुभा; दुसऱ्यात आठवड्यातले ठरावीक तास; तिसऱ्यात पैसा, आणि आपल्या पश्चात कोण याची तजवीज. या तीन वेगवेगळ्या गरजा आहेत. त्यांना एकच उपाय सुचवणारा सल्ला, मग तो 'नोकरी सोड' असो की 'धीर धर, जमेल', फार तर एका टप्प्यापुरता बरोबर ठरतो.

नोकरी सुटते ती बहुधा पहिल्या टप्प्यात, म्हणून त्याच्याकडे जरा जवळून पाहू. सर्वांगाला झटके देणारी आकडी ५ मिनिटांहून जास्त चालली की ती आपली आपण थांबण्याची शक्यता घटत जाते. अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१५ मध्ये उपचार सुरू करण्याची सीमारेषा म्हणून हीच ५ मिनिटं धरली. रुग्णवाहिका एवढ्या वेळात दारात येईल असं आपल्या कुठल्याही शहरात गृहीत धरता येत नाही, गावाची तर गोष्टच सोडा. म्हणजे आकडी थांबवणारं औषध द्यायचं ते त्या क्षणी मुलाच्या शेजारी असलेल्या माणसानंच, मग ती व्यक्ती कुणीही असो. त्यासाठी मिडाझोलमचा नाकात मारायचा फवारा असतो आणि तो आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. शीर शोधायची नाही, सुई टोचायची नाही. इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत, तीव्र अपस्मार असलेल्या मुलांवर झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. गालाच्या आत सोडलेलं मिडाझोलम हे गुदद्वारातून दिलेल्या डायझेपामच्या तोडीस तोड असल्याचं त्यात दिसलं. असे उपचार रुग्णालयाबाहेर, शाळेत आणि घरात वापरण्यासाठीच आहेत, आणि ते द्यायला वैद्यकीय पदवी लागत नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळाकडे पाहायचं, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मिनिटाला ठरवून दिलेली मात्रा द्यायची, १०८ला फोन करायचा. कांदा, चप्पल, किल्ली यांतलं काहीही हुंगवत बसायचं नाही. एवढा मजकूर एका कागदावर मावतो. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधं या मुलाला देऊ नयेत. अपस्माराच्या इतर प्रकारांत ती रोजच्या वापरातली आहेत, पण ती सोडियमच्याच मार्गिका अडवतात आणि ड्रॅव्हेमध्ये बहुधा आकड्या वाढवतात. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरनं ड्रॅव्हेचा एकही रुग्ण पाहिलेला नसणं यात काही नवल नाही. त्याला हे सांगणारा कागद मुलासोबत असला पाहिजे. ही माहिती फक्त आईच्या डोक्यात असेल, तर आई स्वयंपाकघरात असताना, बाळंतपणाला गेलेली असताना किंवा स्वतःच तापानं फणफणलेली असताना त्या मुलाला कुणी वाली उरत नाही.

इथे पहिला आणि सगळ्यात जुना आक्षेप येतो: ते सगळं खरं, पण आईसारखं कोण बघणार? यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मुलाचे डोळे क्षणभर स्थिर झाले, हातातला चमचा उगाच निसटला, झोपेतला श्वास बदलला, या खुणा सतत जवळ असणाऱ्यालाच आधी कळतात. पण हे कसब सहवासातून आलेलं असतं, आईपणातून आपोआप आलेलं नसतं. जो सहवासात राहील त्याला ते येतं. वडिलांना येतं, आजीला येतं, पाळणाघरातल्या ताईंना येतं. उलट बाजूनं पाहिलं तर एकाच माणसावर टाकलेला पहारा हा मुळातच कच्चा पहारा असतो. ड्रॅव्हेच्या आकड्या झोपेतही येतात. अपस्मारातल्या अचानक मृत्यूचा धोका मुलांमध्ये एरवी वर्षाला साडेचार हजारांत एक इतका धरला जातो. ड्रॅव्हेच्या रुग्णांत तो हजारी ९च्या आसपास नोंदला गेला आहे. रात्री कुणीतरी लक्ष ठेवून असणं यावर उपयोगी पडत असावं असे संकेत आहेत, म्हणून आई-वडील मुलाच्या अंगावर हात ठेवून झोपतात. म्हणजे झोपत नाहीत. वर्षानुवर्षं अर्धवट झोपलेलं माणूस दिवसा औषधाची मात्रा मोजताना चुकू शकतं, आणि ते माणूस घरी बसलेलं असो की ऑफिसात, त्यानं फरक पडत नाही. नोकरी सोडल्यानं रात्र कमी होत नाही. रात्र कमी करायची तर ती आलटून पालटून दोघांनी जागायला हवी.

आणि इथेच आपल्या घरांचं गणित बिघडतं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातल्या कुणाची तरी देखभाल करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होतं. देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सुमारे १४० मिनिटं देत होत्या, तेच काम करणारे पुरुष ७४ मिनिटं. हे आकडे निरोगी मुलांच्या घरांसकटचे आहेत. त्यात रोज दोन-तीन वेळची औषधं, फिटची वही, थेरपीचा सराव आणि डॉक्टरांच्या तारखा मिळवल्या की ओझं कुठे कलतं हे सांगायला वेगळ्या पाहणीची गरज नाही. 'बाबा मदत करतात' हे वाक्य या घरांत कौतुकानं उच्चारलं जातं. मदत करणाऱ्याला सांगावं लागतं, आठवण करून द्यावी लागते. लक्षात ठेवण्याचं काम मदत घेणाऱ्याकडेच राहतं. मंगळवारची थेरपी बाबांची म्हणजे त्या दिवसाची वेळ, रिक्षा, थेरपिस्टनं दिलेला गृहपाठ आणि रद्द झाल्यास नवी तारीख, हे सगळं बाबांचं. इतकं झालं तरच आईच्या डोक्यातली जागा मोकळी होते, आणि दिवसाचे तास मोकळे होण्यापेक्षाही नोकरी टिकवायला तिला ही जागा जास्त लागते.

नेहमीच्या उपचारांतही ही वाटणी होऊ शकते, फक्त ती मुद्दाम करावी लागते. कीटोजेनिक आहाराचं उदाहरण घ्या. औषधांना दाद न देणाऱ्या आकड्यांसाठी तो वापरला जातो, ड्रॅव्हेतही बऱ्याच मुलांना त्याचा उपयोग होतो, मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी १९९०च्या दशकात तो भारतीय स्वयंपाकाला जुळवून घेतला. या आहारात पोळी-भात-साखर जवळजवळ हद्दपार होते आणि तूप, लोणी, साय, पनीर यांचं प्रमाण ग्रॅमच्या काट्यावर मोजून ठरतं. खोकल्याच्या गोड औषधातली साखरसुद्धा हिशेबात धरावी लागते, तिथे आजीनं मायेनं भरवलेला पेढा सगळं ओमफस करतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे पूर्णवेळ आईचंच काम वाटेल. पण काटा ज्यानं वाचला त्याला तेच आकडे दिसतात. आहारतज्ज्ञानं लिहून दिलेला तक्ता फ्रीजवर चिकटवला की ते काम कुणालाही करता येतं, आणि तक्ता आजीला वाचून दाखवला की बहुधा पेढाही थांबतो. नव्या औषधांचंही असंच. त्यातलं फेनफ्लुरामिन हे एकेकाळी वजन घटवण्यासाठी विकलं जाई. हृदयाच्या झडपांना अपाय होतो म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेण्यात आलं, आणि २०२० मध्ये तेच कमी मात्रेत ड्रॅव्हेचं औषध म्हणून तिथे मंजूर झालं. औषधांच्या इतिहासात असे पुनर्जन्म फार थोडे. पण जुन्या पापाची फेड म्हणून ते घेणाऱ्या मुलाची ठरावीक महिन्यांनी इको तपासणी करावी लागते. म्हणजे आणखी एक तारीख आणि आणखी अर्धा दिवस. हा अर्धा दिवस शब्द लक्षात ठेवावा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. एका पगारात भागत असेल तर दोघांनी कशाला धावायचं? हा आक्षेप घेणारे पगाराकडे फक्त महिन्याची रक्कम म्हणून पाहतात. आपल्याकडे नोकरी ही आरोग्यविम्याचीही वाट असते. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या आजारांना वैयक्तिक पॉलिसीतून कायमचं वगळता येतं त्यांच्या यादीत अपस्मार आहे. याउलट कंपनीच्या सामूहिक विम्यात कर्मचाऱ्याच्या मुलांना आधीपासूनच्या आजारांसकट संरक्षण मिळण्याची पद्धत सर्रास आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना राज्य कामगार विमा योजनेतून कुटुंबाचे उपचार मिळतात. ज्या घरात बाबांचा व्यवसाय आहे किंवा कंत्राटी काम आहे आणि आईची नोकरी पक्की आहे, त्या घरात आईचा राजीनामा म्हणजे मुलाच्या विम्याचाही राजीनामा. दुसरं, हा आजार बालपणाबरोबर संपत नाही. मूल पंचवीस वर्षांचं होईल तेव्हाही त्याला सोबतीला माणूस लागेल, आणि आई पंचावन्न-साठीची असेल. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन हे त्या काळासाठी असतं. तिसऱ्या वर्षी दिलेला राजीनामा तिसाव्या वर्षी महागात पडतो. आणि एक नाजूक बाब: आजारी मुलाच्या घरात संसार मोडण्याची, एकट्या पालकावर भार येण्याची शक्यता कुणी बोलून दाखवत नाही, पण ती असते. अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत लिहिलेलं होतं, हे ज्या समाजात घडलं तिथे बाईनं स्वतःच्या उत्पन्नाचा आधार सोडताना दहादा विचार करावा.

आता कायद्याकडे. सरकारी नोकरीतल्या बायकांची स्थिती कागदावर तरी चांगली आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून बालसंगोपन रजा मिळते: संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या अपत्याला ही वयाची अट नाही. महाराष्ट्र शासनानं २०१८ मध्ये १८० दिवसांची अशी रजा लागू केली. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. मुलाला जन्मजात हाडांचा दुर्मीळ आजार, त्याच्या शस्त्रक्रियांमध्ये तिच्या रजा संपलेल्या, आणि राज्यानं बालसंगोपन रजेचा नियमच स्वीकारलेला नाही. स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेनं दिलेला हक्क आहे, असं त्या वेळी न्यायालयानं म्हटलं आणि राज्याला अपंग मुलांच्या मातांच्या रजेचा विचार करण्यासाठी समिती नेमायला लावली. हे सगळं स्वागतार्हच. पण नियमाचा तपशील वाचला की कळतं, तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर परीक्षा आणि बाळंतपण होतं, आकडी नव्हती. केंद्राच्या नियमानुसार ही रजा एका वेळी ५ दिवसांपेक्षा कमी मिळत नाही आणि वर्षातून साधारणपणे तीनदाच घेता येते. मंगळवारी दुपारच्या थेरपीसाठी दोन तास हवे असतील, इकोसाठी अर्धा दिवस हवा असेल, पहाटे आकडी येऊन गेल्यावर मूल सकाळी गुंगीत असेल, तर आईपुढे दोनच पर्याय: पाच दिवस घ्या किंवा काहीच घेऊ नका. आणि पुरुषांना ही रजा केंद्रात ते एकल पालक असतील तरच. म्हणजे घरातली वाटणी बाबांनी मनावर घेतली तरी नियम त्यांना सोबत करत नाही.

अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी पालकांना १९९३चा कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा माहीत असतो. तो कंजूष आहे: वर्षाला १२ आठवडे, तेही बिनपगारी, आणि ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना तो लागूही नाही. पण मुलाच्या गंभीर आजारासाठी ही रजा तुकड्या-तुकड्यांनी, तासांच्या हिशेबात घेता येते, आणि आई-वडील दोघांनाही घेता येते. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून काळजीवाहकांना वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजा दिली. तीही अर्ध्या-अर्ध्या दिवसानं घेण्याची सोय आहे. दिवसांच्या संख्येत आपली ७३० दिवसांची पगारी रजा या दोन्हींपेक्षा कितीतरी उदार. उपयोगात मात्र तो अर्धा दिवस मोठा ठरतो.

मालकवर्गाचा आक्षेप इथे ऐकून घ्यायला हवा, कारण तो निव्वळ कांगावा नाही. २०१७च्या दुरुस्तीनं वाढलेल्या प्रसूती रजेचा पगारही मालकाच्याच माथी मारला आणि लहान उद्योगांत तरुण बाईला कामावर घेताना हात आखडता घेतला जाऊ लागला, अशी तक्रार आहे. त्यात आजारी मुलांच्या मातांसाठी वेगळी रजा आली तर मुलाखतीतच मुलांची चौकशी सुरू होईल. हे टाळायचं तर दोन गोष्टी हव्यात. सवलत पालकांना हवी, फक्त मातांना नको. मग बाईला टाळून मालकाला काहीच साधत नाही. आणि खर्च एकट्या मालकावर नको. याचा नमुना आपल्याकडेच आहे: राज्य कामगार विमा योजनेत प्रसूतीचा लाभ महामंडळ देतं, मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून. मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५. जोखीम हजारो आस्थापनांत विभागली गेल्यानं एकालाही जाणवत नाही. पंधरा हजारांत एक असलेला आजार तर अशा विभागणीसाठी अगदी योग्य; कुठल्याही एका मालकाच्या वाट्याला अशी आई आयुष्यात एखादीच येणार.

यापेक्षा टोकदार आक्षेप असा की ही सगळी चर्चा मस्टरवर सही करणाऱ्या बायकांची आहे. धुण्याभांड्याची कामं करणारी, ऊस तोडणारी, घरी बसून शिलाई करणारी आई कुठली बालसंगोपन रजा घेणार? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि रजेच्या नियमात त्याला उत्तर नाही. तिच्यासाठी पर्याय राजीनाम्याचा नसतोच; ती मुलाला बरोबर नेते किंवा थोरल्या मुलीची शाळा सुटते. तिथे उपयोगी पडेल ते सार्वजनिक: अंगणवाडीत, शाळेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात तो नाकाचा फवारा असणं आणि तो वापरता येणारं एक माणूस असणं. पण सरकारी मदतीच्या या वाटेवर एक दगड आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि अपस्माराचं त्यात स्वतंत्र नाव नाही. मुलात बौद्धिक अक्षमता दिसू लागली की प्रमाणपत्र मिळतं, त्यावर निरामय विमा योजनेचं एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं. पण सर्वांत जास्त रुग्णालयं पाहावी लागतात त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल अजून कुठल्याच रकान्यात बसत नाही. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखे अपस्मारग्रस्तांचे आधारगट ही पोकळी थोडी भरून काढतात. राज्याचा आवाका त्यांच्याकडे अर्थातच नाही.

एवढं सगळं जमवूनही काही आया नोकरी सोडतील, आणि ते चूकच असेल असं नाही. आकड्या कशालाच दाद देत नसतील, घरात तिसरं माणूस नसेल, तर तोच एक मार्ग उरतो. फक्त तो निर्णय काही काळापुरता मानला जावा, बाबांच्या बाबतीतही तितकाच शक्य मानला जावा, आणि परतीची वाट उघडी असावी. ज्यांची नोकरी चालू आहे त्यांनी हा मजकूर वाचून आधी तो एक कागद तयार करावा, डॉक्टरांची सही घ्यावी, आणि त्याच्या प्रती घरात, शाळेत, पाळणाघरात आणि ऑफिसातल्या एका विश्वासू सहकाऱ्याकडे द्याव्यात. सरकारचं काम त्याहून सोपं आहे. बालसंगोपन रजेची ५ दिवसांची अट काढायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही, नियम ४३-सी मध्ये अधिसूचनेनं बदल केला की पुरतं. किमान दिवसांची अट २०१४ मध्ये एकदा काढलीही होती. २०१८ मध्ये ती ५ दिवसांच्या रूपानं परत आली.